एक किलोमीटर उरलेला राजरस्ता

बूट जाड तळव्याचे घाला. साल १८००, हिवाळा नुकता लागतोय, आणि तुम्ही रूज नदीच्या पूर्वेला, ऑन्टारिओ सरोवराच्या काठापासून थोडं आत, एका रस्त्यावर उभे आहात. हा रस्ता आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. पाइन आणि मेपलच्या दाट रानात तोडलेली एक लांबच लांब पट्टी, तिच्यात अधूनमधून राहिलेले खुंट, आणि खुंटांना वळसे घालत गेलेली चाकोरी. कंत्राटात मात्र सगळं रेखीव होतं: रुंदी ३३ फूट, मधला साडेसोळा फुटांचा पट्टा सपाट, मैलामागे ९० डॉलर.

कंत्राटदार एसा डॅनफोर्थ हा अमेरिकन. कॅनडातल्या या प्रांताला, म्हणजे आजच्या ऑन्टारिओला, तेव्हा अप्पर कॅनडा म्हणत. प्रांताचं मुख्य ठाणं यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, १७९३ साली वसवलेलं. चिखलातली एक लहानशी वस्ती. तिथून पूर्वेला क्विंटेच्या उपसागराकडे, म्हणजे किंग्स्टनच्या दिशेने, डॅनफोर्थने रान तोडत वाट काढली. मोबदल्यावरून त्याचं सरकारशी बिनसलं आणि तो वैतागून परत गेला. पुढे टोरांटोने त्याचं नाव एका मोठ्या रस्त्याला दिलं. तो त्याने बांधलाच नव्हता. सरकारी कृतज्ञतेचा हा प्रकार तुम्हाला ओळखीचा वाटेल.

आता कुणी येतंय का पाहा. तासभर उभे राहिलात तरी कुणी येणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बऱ्याच जमिनी ज्यांच्या नावावर आहेत ते इथे राहतच नाहीत. मग ओढ्यावर पडलेलं झाड हटवायचं कुणी? आणि शेजारी समुद्रासारखं सरोवर पसरलेलं असताना या खाचखळग्यांतून जायचंच कशाला? उन्हाळ्यात होडी, कडक थंडीत बर्फावरून घसरगाडी. ज्यांनी या मुलखात शतकानुशतकं ये-जा केली त्या मूळ लोकांनाही ते ठाऊक होतं. रूजच्या मुखाजवळ सतराव्या शतकात सेनेकांचं गाव होतं, आणि तिथून त्यांची पायवाट उत्तरेला, आतल्या पाण्यांकडे जायची. काठाला समांतर पळणारा रस्ता ही लष्करी डोक्यातली कल्पना: सरोवरापलीकडे अमेरिका आहे, ती पाणी अडवेल, म्हणून जमिनीवरून वाट हवी. बारा वर्षांत युद्ध झालंही. पण आज, १८०० साली, तुमच्या बुटाशेजारी मेपलचं रोप उगवलंय आणि ते उपटायला कुणी येणार नाही.

चाळीस वर्षं पुढे या. फेब्रुवारी १८४०, याच वाटेवरचं गाव कोबर्ग. घोड्यांच्या तबेल्यात उबदार वाफ आहे, नालांचा खणखणाट आहे, आणि सगळे पश्चिमेकडे कान लावून बसलेत. विल्यम वेलर हा इथला टपालगाड्यांचा मालक; टोरांटो ते मॉन्ट्रियल टपाल आणि प्रवासी दोन्ही त्याच्या गाड्यांतून जातात. आज तो स्वतः लगाम धरून येतोय, आणि घसरगाडीत साक्षात गव्हर्नर जनरल चार्ल्स पौलेट थॉमसन आहेत. पैज लागली आहे म्हणे. जागोजागी ताजे घोडे तयार ठेवलेत. गाडी येते, घोडे सुटतात, दुसरे जुंपले जातात, गाडी जाते. तुम्ही नीट पाहायच्या आत. टोरांटोहून मॉन्ट्रियल दीड दिवसात गाठलं त्याने. या रस्त्यावर त्या काळात ही जवळजवळ अविश्वसनीय गोष्ट.

हे जमलं ते थंडीमुळे, हे लक्षात ठेवा. या रस्त्याचा सर्वांत चांगला कारागीर म्हणजे हिमवर्षाव. खड्डे भरतो, चिखल गोठवतो, वरून गुळगुळीत करतो, आणि बिल पाठवत नाही. तुम्ही एप्रिलमध्ये आला असता तर तिकीट काढूनही अर्धा रस्ता चालला असता. चाकं आसापर्यंत रुतली की प्रवाशांनी खाली उतरायचं, जवळच्या शेताच्या कुंपणाचा वासा उपसायचा आणि त्याची पहार करून गाडी उचलायची. दलदलीच्या जागी आडवे ओंडके शेजारी शेजारी टाकलेले. त्यांवरून गाडी गेली की दात वाजतात, आणि पोटातलं तर विचारूच नका. १८३०च्या दशकात टोरांटोच्या पूर्वेला रस्त्यावर चक्क पाइनच्या फळ्या अंथरल्या. पहिली दोन-तीन वर्षं लोक खूश होते. लाकूड ओल्या मातीवर किती टिकणार! फळ्या कुजल्या, टोलनाके मात्र टिकले.

मग १८५६. यावर फार वेळ घालवू नका, कारण रस्त्यावर काही घडतच नाही. ग्रँड ट्रंक रेल्वे टोरांटो-मॉन्ट्रियल सुरू झाली, वेलरसारख्यांच्या गाड्या बसल्या, आणि पुढची साठ वर्षं हा रस्ता गावागावापुरता उरला: दूध, गवत, चर्चला जाणारी माणसं.

त्याला पुन्हा उठवलं ते मोटारीने. १९१४च्या नोव्हेंबरात टोरांटोच्या पश्चिमेला, हॅमिल्टनच्या दिशेने बेकार मजुरांच्या हातांना काम म्हणून काँक्रीटचा रस्ता सुरू झाला. १८ फूट रुंद, दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढा, आणि १९१७ साली तो पुरा झाल्यावर लोक नुसते त्यावरून गाडी चालवायला येत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर्वेला रूज नदी ते पोर्ट होप हा डॅनफोर्थच्या मुलखातला तुकडा प्रांतिक सरकारने आपल्या ताब्यात घेतला. तो ऑन्टारिओचा पहिला प्रांतिक महामार्ग. आजवर ज्याची डागडुजी ही ज्या-त्या गावाची कटकट होती, तो एका सहीने सरकारचा झाला. ही सही ध्यानात ठेवा. तशीच एक उलट्या दिशेची सही पुढे येणार आहे.

१९२५ साली त्याला क्रमांक मिळाला: दोन. १९३०मध्ये प्रांतिक महामार्गांना ‘किंग्ज हायवे’ म्हणू लागले आणि पांढऱ्या ढालीवरच्या आकड्यावर मुकुट बसला. पश्चिमेला विंडसर, पूर्वेला क्वेबेकची हद्द, मध्ये आठशेहून अधिक किलोमीटर, आणि प्रत्येक गावाच्या मुख्य बाजारपेठेतून जाणारा राजरस्ता.

त्याचा रुबाब बघायचा तर १९५५च्या जुलैतली एक संध्याकाळ घ्या. तुम्ही सकाळी मॉन्ट्रियलहून निघालात. दिवसभर समोरून ट्रक, मागून ट्रक, आणि ओलांडायला धीर होत नाही कारण पलीकडची मार्गिकाही भरलेली. कॉर्नवॉल, ब्रॉकव्हिल, किंग्स्टन, नॅपनी, बेलव्हिल. दर गावात एक सिग्नल, एक बँक, एक घड्याळाचा मनोरा, आणि मुलांना लघवी लागते ती नेमकी दोन गावांच्या मध्ये. काळोख पडताना टोरांटोच्या पूर्वेकडचं स्कार्बरो येतं आणि दोन्ही बाजूंना निऑन पेटतं. मोटेलमागून मोटेल. दारासमोर गाडी लावायची, दार उघडायचं, झोपायचं. पाट्यांवर टीव्हीची जाहिरात, पोहण्याच्या तलावाची जाहिरात. डावीकडे अंधारात, काही मिनिटांच्या चालीवर, सरोवराकाठचे उंच मातकट कडे आहेत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. सगळे थकलेले आहेत. उत्तरेला काही किलोमीटरवर रुंद, सिग्नल नसलेल्या नव्या रस्त्याचे तुकडे एकेक करून खुले होताहेत, त्याचा क्रमांक ४०१. मोटेलवाल्यांना अजून त्याची भीती वाटत नाही. वाटायला हवी.

ती भीती खरी ठरण्याआधी तुम्हाला पूर्वेला नेतो, कॉर्नवॉलच्या अलीकडे. इथे थोडं रेंगाळू.

सेंट लॉरेन्स नदीत समुद्री जहाजांसाठी मार्ग करायचा आणि विजेसाठी धरण बांधायचं ठरलंय. धरणामागे पाणी तुंबेल, त्याखाली काठची गावं जातील: मिल रोशेस, मुलिनेट, वेल्स, फॅरन्स पॉइंट, ऑल्ट्सव्हिल. साडेसहा हजार माणसं हलवायची आहेत. आपल्याकडे कोयना, उजनी, जायकवाडीच्या काठचं कुणी तुमच्याबरोबर असेल तर त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. पण एक गोष्ट त्यालाही नवी असेल: पाचशेहून जास्त घरं जशीच्या तशी उचलून नेली. प्रचंड चाकांच्या सांगाड्यावर घर चढवायचं आणि नव्या गावाकडे निघायचं, इंगलसाइडकडे, लाँग सूकडे. कपाटातली भांडी बाहेर काढू नका, असं बायकांना सांगत. जी घरं नेता आली नाहीत ती पाडली, जाळली. १९५८च्या हिवाळ्यात ऑल्ट्सव्हिलमध्ये राष्ट्रीय संशोधन मंडळाच्या शास्त्रज्ञांनी रिकाम्या इमारतींना मुद्दाम आगी लावल्या आणि आत तापमान किती चढतं, धूर किती वेगाने भरतो, शेजारच्या घराला आच कुठवर पोहोचते हे मोजलं. दोन इमारतींमध्ये किती अंतर असावं याचे कॅनडातले नियम ठरवताना ते आकडे कामी आले.

१ जुलै १९५८. राष्ट्रीय सुट्टीचा दिवस, सकाळचे आठ. लोक काठावर दाटीवाटीने उभे आहेत. तात्पुरता बांध सुरुंगाने उडतो, आवाज छातीत बसतो, सगळे लाट यायची वाट बघतात. लाट येत नाही. पाणी सावकाश, जवळजवळ कंटाळवाण्या गतीने वर चढतं. जलाशय भरायला चार दिवस लागतात. त्या चार दिवसांत महामार्ग क्रमांक दोनचा काठालगतचा तुकडा आधी ओला होतो आणि मग दिसेनासा होतो. नवा क्रमांक दोन आधीच उत्तरेला, उंचावर बांधून ठेवलेला आहे. १८१३ साली ज्या शेतात इंग्रजांनी अमेरिकन फौजेला परतवलं ते क्रायस्लरचं शेतही बुडालं. त्याचं स्मारक तेवढं वर आणून ठेवलं. लाँग सूचा खळखळणारा धबाबा प्रवाह कायमचा गप्प झाला, टेकड्यांची बेटं झाली. अॅक्वेसॅस्नेच्या मोहॉक लोकांची जमीनही गेली. दुसऱ्या वर्षी जलमार्गाच्या उद्घाटन-समारंभातल्या भाषणांना त्याची फारशी आठवण नव्हती.

विशेष हे, की बुडालेला डांबरी रस्ता अजून तिथे आहे. पाणी उतरतं तेव्हा काठाजवळ पदपथांच्या आणि घरांच्या पायांच्या रेषा दिसतात. पाणबुडे त्यांवरून पोहतात.

बाकीच्या रस्त्याचं मरण कोरडं होतं. १९६८पर्यंत ४०१ संपूर्ण चौपदरी झाला, लांबचा सगळा प्रवासी तिकडे गेला, मोटेलांचे दिवे एकेक करून विझले. तरी मुकुटाची ढाल खांबावर राहिली. मग १९९७-९८मध्ये प्रांतिक सरकारने हिशेब मांडला: समांतर महामार्ग असताना या रस्त्यावर आता गावचीच वाहतूक आहे, तर गावांनीच तो सांभाळावा. ती उलटी सही हीच. हिशेब चुकीचा नव्हता, असं मलाही वाटतं. पण बर्फ हटवणं, पुलांची दुरुस्ती, डांबर हे सगळं ज्यांच्या गळ्यात पडलं त्या लहान काउंट्यांकडे तिजोरी तेवढी मोठी नव्हती. ढाली उतरल्या आणि त्या जागी कुंडीच्या आकाराच्या काउंटीच्या पाट्या आल्या.

आजच्या दिवसात या. स्कार्बरोत नातेवाइकांकडे उतरला असाल तर एखादा दिवस काढा आणि ४०१ न घेता पूर्वेला निघा. इथे या रस्त्याला किंग्स्टन रोड म्हणतात; तो आता बहुमजली इमारती, जुन्या गाड्यांची दुकानं आणि टायरवाले यांच्या मधून जातो. थोडी मोटेलं अजून दिसतील. १९९०च्या दशकापासून शहराने त्यांतल्या काहींत बेघर कुटुंबांना आणि आश्रय मागायला आलेल्यांना ठेवलं. म्हणजे मॉन्ट्रियलहून सुट्टीवर आलेल्यांच्या खोल्यांत सोमालियाहून किंवा श्रीलंकेहून आलेल्या माणसाने आपली पहिली कॅनेडियन रात्र काढली असेल. हायलँड क्रीकला बाजूला एक शांत फाटा दिसेल, ‘ओल्ड किंग्स्टन रोड’. महामार्ग सरळ करताना वगळलेला तुकडा आहे तो, जुन्याचाही जुना.

ओशावा मागे पडलं की शेतं लागतात. पोर्ट होपच्या उतारावरची विटांची बाजारपेठ अजून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचीच वाटते. कोबर्गमध्ये १८६० सालचं व्हिक्टोरिया हॉल रस्त्याकडे तोंड करून उभं आहे. कोलबर्नच्या आसपास सफरचंदाच्या बागा, ट्रेंटनला डोक्यावरून जाणारी लष्करी विमानं. डांबर कुठे गुळगुळीत, कुठे ठिगळांचं. काउंटीची हद्द बदलली की चाकांना कळतं. रुंदी मात्र चुगली करते: एवढ्याशा गावाला एवढ्या प्रशस्त साइडपट्ट्या आणि एवढी लांब वळणं कशाला? पाटीवर काही का लिहिलेलं असेना, दुकानदाराला पत्ता विचारलात तर तो ‘हायवे टू’च म्हणेल.

किंग्स्टननंतर गॅनानॉक्वे येतं. इथे गावाच्या पूर्वेला सुमारे एक किलोमीटरचा तुकडा अजून प्रांतिक सरकारकडे आहे, कारण तो ४०१ला जोडतो. आठशेवरून एक. तुम्ही काच खाली करून पाटी शोधेपर्यंत तो संपलेला असतो.

आणि या वाटेवर आणखी एक पाटी बघायला विसरू नका, आणीबाणीच्या वळण-मार्गाची. ४०१वर मोठा अपघात झाला किंवा बर्फाच्या वादळात ट्रक आडवे झाले की पोलीस सगळी वाहतूक इकडे वळवतात. तुम्ही नॅपनीत कॉफी प्यायला थांबलेले असताना असं झालं, तर दहा मिनिटांत बाजारपेठ मॉन्ट्रियलच्या ट्रकांनी गच्च भरते, सिग्नलला हॉर्न वाजू लागतात, दुकानदार दारात येऊन शिव्या घालतात, आणि कपातली कॉफी थरथरते. गाडी काढायची घाई करू नका. तासभर तरी कुणी तुम्हाला रांगेत घुसू देणार नाही.