ऐकण्याची विद्या : नागपाड्यापासून यवतमाळपर्यंत (थ्रेड)

१/११
१९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व मुलांसह जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. खचलेल्या माणसाचे ऐकून घेण्याचे शास्त्र तेव्हा राज्यात होते. मात्र ते चिलगव्हाणपर्यंत आले नव्हते. का? त्याचा हा इतिहास.

२/११
या विद्येचे एक मूळ समाजकार्यात आहे. १९१७ साली अमेरिकेत मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ आला. गरजूला मदत देण्यापूर्वी त्याचे घर, नाती, उत्पन्न व अडचणी पद्धतशीर समजून घ्याव्यात, हा त्याचा गाभा. दानधर्माच्या जागी ‘व्यक्तिसहाय्य कार्य’ उभे राहिले ते येथून.

३/११
१९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. संचालक होते क्लिफर्ड मॅनशार्ट. पदवीधरांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. पुढच्याच वर्षी संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. १९४४ पासून ही संस्था टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

४/११
दुसरे मूळ मानसशास्त्रात. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली समुपदेशनावर ग्रंथ लिहिला आणि १९५७ च्या निबंधात परिणामकारक संवादाच्या अटी मांडल्या. त्यांतील तीन आजही प्रत्येक वर्गात शिकवल्या जातात : समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा. उपदेशाला या यादीत स्थान नाही, हे लक्षणीय.

५/११
पदव्युत्तर वर्गात प्रत्यक्षात काय शिकवतात? समोरच्याचे बोलणे न तोडणे. ‘हो’ किंवा ‘नाही’त न संपणारा प्रश्न विचारणे. ऐकलेले आपल्या शब्दांत परत मांडून ‘बरोबर समजले का?’ असे पडताळणे. शब्दांमागची भावना ओळखणे. शांतता सहन करणे. गोपनीयता आणि तिच्या मर्यादा आधीच सांगणे. आणि आपल्या आवाक्याबाहेरचा प्रश्न योग्य तज्ज्ञाकडे सोपवणे.

६/११
ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. विद्यार्थी प्रथम एकमेकांसमोर भूमिकाभिनय करतात, मग क्षेत्रकार्याला जातात. प्रत्येक भेटीचा वृत्तान्त लिहितात, मार्गदर्शक त्यावर बोट ठेवतात : येथे तुम्ही ऐकले नाही, येथे घाईने सल्ला दिला. ‘धीर धरा, सगळे ठीक होईल’ हे सर्वांत सोपे वाक्य टाळायला शिकणे हाच पहिला कठीण धडा.

७/११
यवतमाळात हा धडा आणखी अवघड होतो. कारण येथे मराठीसोबत कोलामी, गोंडी आणि बंजारा बोली नांदतात. ‘नैराश्य’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘मन लागत नाही’, ‘झोप येत नाही’, ‘टेन्शन आहे’ एवढेच कानावर पडते. त्या तीन शब्दांत कापसाचा भाव, सावकाराचा तगादा आणि लेकीचे लग्न दडलेले असते. शहरी ग्रंथातील प्रश्नावली तेथे अपुरी पडते.

८/११
शासकीय प्रयत्न उशिरा आले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ चा. २०१५ साली राज्याने १४ जिल्ह्यांत शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात यवतमाळ होते. त्याच वर्षी यवतमाळ व तत्कालीन उस्मानाबादमध्ये ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू झाले. घरोघरी जाण्याचे काम आशा स्वयंसेविकांवर आले.

९/११
त्याचा उपयोग होतो का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात स्थानिक लोकांनाच समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले गेले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त निष्कर्ष आले : नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

१०/११
तरीही एक आक्षेप खरा आहे. कर्ज आणि नापिकी यांवर समुपदेशन हा उतारा नव्हे. शेतीचे संकट हा मनाचा दुबळेपणा ठरवला, तर ती क्रूर थट्टा होईल. उच्च न्यायालयासाठी टाटा संस्थेनेच २००५ साली केलेल्या अभ्यासाने कर्ज, उत्पादनखर्च व भाव यांकडे बोट दाखवले होते. रिचमंड यांची परंपरा येथे उपयोगी पडते : कान माणसाकडे, पण हात त्याच्या सातबाऱ्याकडे, बँकेच्या नोटिशीकडे आणि योजनेच्या अर्जाकडेही.

११/११
दीर्घकाळ आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे गप्प राहत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीस तीव्र तणावाखाली मानून शिक्षेऐवजी उपचाराचा मार्ग धरला. २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मराठीतही ऐकतो. १९३६ साली नागपाड्यात रुजलेल्या विद्येला गावाच्या पारापर्यंत यायला आठ दशके लागली. आता प्रश्न तेथे बसून ऐकणाऱ्या प्रशिक्षित माणसांच्या संख्येचा आहे. ती माणसे आजच्या पदव्युत्तर वर्गांतूनच यायची आहेत.