वऱ्हाडातील गांजा-भांग नियमन : औषधी वापर व परवाना पद्धतीचा ऐतिहासिक मागोवा

धामणगाव रेल्वे हे गाव वर्धा नदीच्या पश्चिमेस, वऱ्हाडाच्या पूर्व कडेला वसले आहे. १९०३ पर्यंत ही नदी दोन राजवटींची सीमा होती. पलीकडचा वर्धा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे. अलीकडचा वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता व हैदराबादच्या रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. साहजिकच अबकारीचा कारभारही दोन ठिकाणांहून चाले. गांजाच्या लागवडीचे मध्य प्रांतातील प्रमुख केंद्र खांडवा, आणि ते भुसावळमार्गे लोहमार्गाने वऱ्हाडाशी जोडलेले होते.

ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने वऱ्हाडाचाही स्वतंत्र विचार केला. १८९४ च्या अहवालात वैद्य-हकिमांकडील औषधी वापराची, तसेच जनावरांच्या दुखण्यात होणाऱ्या उपयोगाची नोंद आहे. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून सरसकट बंदी नको. लागवडीला परवाना, सरकारी देखरेखीची कोठारे, मोजकी दुकाने, जवळ बाळगण्यावर मर्यादा आणि कर असावा, असे आयोगाने सुचविले. ही भूमिका उदार वाटते. परंतु तीत महसुलाचा हिशेब नव्हता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रुग्णाची गरज व अबकारीचे उत्पन्न एकाच परवान्यात बांधले गेले, ते येथेच.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडला गेला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ येथे विस्तारित झाला. नाव दारूबंदीचे असले, तरी त्याच्या ‘मादक औषधिद्रव्य’ या व्याख्येत भांगेचे पानही समाविष्ट होते. औषधी व शास्त्रीय प्रयोजनासाठी परवान्याची वाट मात्र त्याने मोकळी ठेवली.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर केंद्राने १९८५ चा अमली पदार्थ कायदा केला. त्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया वगळल्या आहेत. कलम १० अन्वये गांजाच्या लागवडीस व उत्पादनास परवानगी देऊन त्यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. औषधी गांजाच्या चर्चेत सर्व दोष दिल्लीच्या कायद्यावर टाकण्याची प्रथा त्यामुळे अपुऱ्या वाचनावर आधारलेली दिसते.

ग्रहणीवरील जातिफलादि चूर्णात भांग हा घटक आहे. त्यासाठी लागणारे पान केंद्राच्या गांजाच्या व्याख्येबाहेर राहते, पण राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत भांग विषारी द्रव्यांत गणली असून, अशा आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते.