एका उमेदवाराची वही

सॉल्ट अ‍ॅनालिसिसचा तक्ता आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पाठ केला असेल. द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे. साका आला तर पहिला गट, नाही आला तर त्यातच हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा, आणि असेच पुढे. बारावीनंतर फार्मसीला गेलेल्या मुलांना याच रसायनांची पुन्हा गाठ पडते. औषधात शिसे, आर्सेनिक, लोह किती चालेल याच्या 'लिमिट टेस्ट' पहिल्याच वर्षी असतात. तेव्हा बारावीत पाठ केलेले काहीच आठवत नाही, अशी तक्रार आम्ही बऱ्याच मुलांकडून ऐकली आहे.

गंमत अशी की हा तक्ता ज्याच्या पुस्तकामुळे रूढ झाला, तो स्वतः याच वाटेवरचा विद्यार्थी होता. कार्ल रेमिगियुस फ्रेझेनियस याचा जन्म 1818 साली जर्मनीतील फ्रँकफुर्टचा. 1836 मध्ये तो तिथल्याच एका औषधशाळेत उमेदवार म्हणून लागला. त्या काळी औषध बनवणाऱ्यालाच ते शुद्ध आहे की नाही हे तपासावे लागे. तयार माल आणि त्यासोबत प्रमाणपत्र, असा प्रकार नव्हता. गंधकाम्लात आर्सेनिक निघे, भांड्यातले तांबे किंवा शिसे औषधात उतरे. चूक झाली तर रोगी दगावण्याची भीती.

ही तपासणी किती फसवी होती याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. आंबट झालेली द्राक्षदारू गोड लागावी म्हणून तीत शिशाचे क्षार घालीत. ते ओळखण्याची जी जुनी परीक्षा होती तिच्यात शिशाने काळा रंग येई, पण लोहानेही येई. म्हणजे निर्दोष विक्रेताही अडकायचा. 1788 मध्ये हानेमान याने (होय, होमिओपॅथीचा तोच!) परीक्षा-द्रावण आम्लयुक्त केले. आम्लामुळे द्रावणातले सल्फाइड आयन अतिशय कमी होतात. शिशाचे सल्फाइड इतके अविद्राव्य आहे की त्याला तेवढेही पुरतात. लोहाला पुरत नाहीत, ते द्रावणातच राहते. आपल्या तक्त्यात शिसे-तांबे आधी का आणि लोह नंतर का, याचे उत्तर इथे आहे.

अशा सुट्या युक्त्या पुष्कळ साठल्या होत्या. 1829 साली हाइनरिश रोझे याचा विश्लेषणावरचा मोठा ग्रंथ निघाला. हा रोझेही मूळचा औषधशाळेतलाच. ग्रंथ उत्तम, पण जाणकारांसाठी. त्यात सगळेच असल्याने नवख्याने सुरुवात कुठून करावी हे कळत नसे. 1840 मध्ये फ्रेझेनियस बॉन विद्यापीठात आला. तिथे विद्यार्थ्यांना हाताने काम करायची सोय नव्हती, म्हणून तो मार्क्वार्ट यांच्या खासगी प्रयोगशाळेत जाऊ लागला आणि तिथे त्याने स्वतःपुरती एक वही केली. दुर्मीळ मूलद्रव्ये गाळली, अभिकारके मोजकी ठेवली, कोणता पदार्थ कोणत्या अभिकारकाशी कसा वागतो ते लिहिले आणि त्यावरून गट पाडले. मार्क्वार्टनी ती छापायचा आग्रह धरला. 1841 मध्ये पुस्तक निघाले तेव्हा फ्रेझेनियस बावीस वर्षांचा होता. मग तो गीसेनला लीबिग यांचा साहाय्यक झाला. पुढे 1848 साली त्याने वीसबाडेनला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि तिथे विद्यार्थी घडवले.

आमच्या मते या पुस्तकाची खरी मेख त्याच्या मांडणीत आहे. पहिल्या भागात साधने, अभिकारके आणि एकेका पदार्थाचे वागणे. अज्ञात पदार्थ ओळखण्याचा क्रम येतो तो दुसऱ्या भागात, म्हणजे ओळखपरेड झाल्यावर. पुढे गीसेनमध्येच विल यांनी 1846 साली नुसते तक्ते छापले. ते सोयीचे होते यात शंका नाही. आपण मात्र तो दुसरा भाग तेवढा घेतला आणि पहिला सोडून दिला. मग मूल साका बघण्याऐवजी शेजाऱ्याची वही बघते, किंवा 'आज कोणते सॉल्ट आहे' हे प्रयोगशाळेच्या मदतनीस काकांना विचारते. त्याला दोष कसा द्यावा?

गेल्या वर्षी आम्ही अकरावीच्या मुलांना चार नावे लिहिलेल्या बाटल्या दिल्या: शिसे, तांबे, फेरिक लोह, कॅल्शियम. सोबत आम्ल, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडचे पाणी. (हा वायू विषारी आहे. काम उघड्या व्हरांड्यात केले आणि पाणी आम्हीच ओतले.) तक्ता दिला नाही, कोरा कागद दिला. दोन तासिका गेल्या. हुशार मुले चिडली, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक होते. एका मुलीने मात्र लोहाच्या रकान्यात लिहिले, 'आम्लात पिवळा रंग गेला, दुधासारखे झाले, अमोनियाने काळे.' तक्त्याप्रमाणे आम्लात लोहाचे काही व्हायला नको. आम्ही तिला पुन्हा करायला सांगितले. पुन्हा दुधासारखेच. फेरिक लोहाने सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून मोकळे केलेले गंधक होते ते. ते आम्हाला त्या वेळी सुचले नाही, संध्याकाळी पुस्तक उघडावे लागले.