भ्रमणध्वनी दुरुस्ती कारागिरांचे प्रशिक्षण व प्रमाणन

भ्रमणध्वनी दुरुस्ती कारागिरांचे प्रशिक्षण व प्रमाणन म्हणजे दुकानात उमेदवारी करून किंवा स्वप्रयत्नाने मोबाइल दुरुस्ती शिकलेल्या कारागिरांना अभ्यासक्रम, परीक्षा व शासनमान्य प्रमाणपत्र यांच्या चौकटीत आणण्याची व्यवस्था होय. कंपन्यांची अधिकृत सेवाकेंद्रे प्रामुख्याने शहरांत असल्याने ग्रामीण भागातील दुरुस्ती मुख्यतः अशा स्वतंत्र कारागिरांवर अवलंबून असते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे बाजारगाव या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू व केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाले. पुढे हे साधन सर्वसामान्यांच्या हाती आले आणि त्याच्या दुरुस्तीची विद्याही पसरली. ही विद्या बहुतांशी दुकानातच शिकली गेली. शिकाऊ मुलगा प्रथम संच उघडणे व स्वच्छ करणे शिकतो. मग चार्जिंग जॅक, माइक, स्पीकर व फोल्डर बदलतो. मल्टिमीटरने शॉर्टिंग शोधतो. आणि हात बसल्यावर हॉट एअर गनने आयसी काढणे-बसवणे त्याच्याकडे येते. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा परिसर प्रसिद्ध आहे.

या पद्धतीत हस्तकौशल्य उत्तम येऊ शकते. परंतु बँकेच्या कर्जासाठी, नोकरीसाठी किंवा नव्या ग्राहकाच्या विश्वासासाठी दाखवता येईल असा लेखी पुरावा मिळत नाही.

धसईचा संदर्भ

नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार या कार्यक्रमास उपस्थित होते. बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने गावातील व्यापाऱ्यांना कार्ड स्वाइप यंत्रे देण्यात आली. नंतर रोखीचे व्यवहार पुन्हा रूढ झाल्याची वृत्ते आली. तथापि देशात सर्वत्र देयके कार्डाकडून मोबाइलकडे वळली आणि फोन हेच अनेकांचे पैशाचे पाकीट झाले.

यामुळे दुरुस्ती कारागिराची जबाबदारी बदलली. त्याच्या टेबलावर येणाऱ्या संचात आता बँकेचे ॲप, आधारशी जोडलेला क्रमांक, कुटुंबाची छायाचित्रे व शेतकरी योजनांचे संदेश असतात. दुरुस्तीनंतर तपासणीसाठी ग्राहकाकडून पॅटर्न लॉक मागून घेण्याची प्रथा सर्वत्र आढळते. म्हणून प्रमाणनात सोल्डरिंगच्या कौशल्याबरोबर विश्वासार्हतेचाही विचार करावा लागतो.

प्रशिक्षणाचे मार्ग

* औद्योगिक प्रशिक्षण संस्था : इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक या दोन वर्षांच्या व्यवसायात मोबाइल संचाचा भाग अंतर्भूत आहे. ‘स्मार्टफोन टेक्निशियन कम ॲप टेस्टर’ हा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्यवसायही राष्ट्रीय यादीत आहे.
* ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था : कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली सुरू झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या योजनेतून बँकांमार्फत या संस्था चालवल्या जातात. प्रशिक्षण निःशुल्क व निवासी असते. मोबाइल दुरुस्ती हा त्यांचा ३० दिवसांचा अभ्यासक्रम असून, नंतर कर्जजोडणीसाठी पाठपुरावा केला जातो.
* प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे : महाराष्ट्रातील ३४ जिल्ह्यांत अशा ५११ केंद्रांचे उद्घाटन १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

पूर्वशिक्षणाची मान्यता

वरील मार्ग प्रामुख्याने नवशिक्यांसाठी आहेत. दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या कारागिरासाठी पूर्वशिक्षणाची मान्यता, संक्षेपाने आरपीएल, हा मार्ग आहे. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत त्याचा समावेश करण्यात आला. यात समुपदेशन, अल्पकालीन उजळणी, मूल्यमापन व प्रमाणपत्र असे टप्पे असतात. मूल्यमापन शिकवणाऱ्याने न करता स्वतंत्र परीक्षकाने करावयाचे असते. प्रमाणपत्राचा स्तर राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार ठरतो. हा आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. मोबाइल दुरुस्तीच्या कार्यभूमिकांची मानके दूरसंचार व इलेक्ट्रॉनिक्स या क्षेत्रांच्या कौशल्य परिषदांनी तयार केली आहेत.

कायदा व सुरक्षितता

प्रत्येक संचाला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार या ओळखक्रमांकात फेरफार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुरुस्तीस आलेला किंवा जुना विकत घेतलेला संच चोरीचा तर नाही, हे संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवारीतून शिकलेल्या कारागिरास ही माहिती आपोआप मिळेलच असे नाही.

फुगलेली लिथियम-आयन बॅटरी टोचली किंवा वाकवली गेल्यास पेट घेऊ शकते. तिची विल्हेवाट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली येते, तर निकामी संच व पीसीबी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांखाली येतात. प्रत्यक्षात असा माल बहुधा भंगारवाल्याकडे जातो.

मर्यादा

मोबाइल दुरुस्तीसाठी प्रमाणपत्र सक्तीचे नाही. त्यामुळे कारागीर त्याकडे लाभ-हानीच्या हिशेबाने पाहतो. एकट्याने दुकान चालवणाऱ्यास प्रशिक्षणासाठी दुकान बंद ठेवणे म्हणजे तेवढ्या दिवसांची कमाई बुडवणे होय. महिनाभराचा निवासी वर्ग त्याला परवडत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ पारंपरिक व्यवसायांत मोबाइल दुरुस्तीचा समावेश नाही. मुद्रा योजनेतून व्यवसायासाठी कर्ज मिळू शकते.

प्रमाणपत्र मिळाले तरी कंपन्यांचे मूळ सुटे भाग व सर्किटचे आराखडे आपोआप उपलब्ध होत नाहीत. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे संकेतस्थळ सुरू करण्यात आले. ते कंपन्यांनी पुरवलेल्या माहितीवर अवलंबून आहे.

हेही पाहा

* धसई
* मुरबाड तालुका
* राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा
* ई-कचरा