आशय वितरण जाळे

आशय वितरण जाळे, अर्थात कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क किंवा संक्षेपाने सीडीएन, हा निरनिराळ्या भौगोलिक ठिकाणी ठेवलेल्या सर्व्हरांचा समूह असतो. एखाद्या संकेतस्थळावरील पाने, चित्रे, ध्वनिचित्रफिती व अन्य फायली यांच्या प्रती साठवून तो त्या वापरकर्त्याला जवळच्या ठिकाणाहून पुरवतो. फायली मुळात ज्या ठिकाणी असतात त्यास मूळ सर्व्हर, तर वापरकर्त्याजवळच्या सर्व्हरांना एज सर्व्हर म्हणतात. जाळे बसवल्यानंतरही मूळ सर्व्हरची गरज संपत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या मागण्यांची संख्या मात्र घटते.

अंतराचा प्रश्न

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असल्याने संदेशाच्या एका फेरीस, म्हणजे जाण्यायेण्यास, किमान १२५ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालील केबलींचा मार्ग वळणाचा असल्याने प्रत्यक्षात वेळ याहून अधिक जातो. त्यातही पान उघडण्यास एकच फेरी पुरत नाही. टीसीपी जोडणीस एक, टीएलएस १.२ या सुरक्षा नियमावलीस दोन आणि प्रत्यक्ष मागणीस एक, अशा चार फेऱ्यांत पहिले अक्षर येण्यापूर्वीच अर्धा सेकंद खर्ची पडतो. टीएलएस १.३ मध्ये यातील एक फेरी वाचते. अधिक क्षमतेची इंटरनेट जोडणी घेऊनही हा विलंब टळत नाही, कारण तो अंतरामुळे होतो. म्हणून प्रतच वापरकर्त्याजवळ आणून ठेवली जाते.

इतिहास

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सहकाऱ्यांपुढे इंटरनेटवरील गर्दीचा प्रश्न मांडला. गणितज्ञ टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो हाती घेतला. त्यांच्या सहभागाने १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात 'कन्सिस्टंट हॅशिंग' ही पद्धत मांडली गेली. कोणती फाईल कोणत्या सर्व्हरवर ठेवायची हे साध्या भागाकाराच्या बाकीवरून ठरवले, तर दहापैकी एक सर्व्हर बंद पडताच सुमारे नऊ-दशांश फायलींच्या जागा बदलतात. नव्या पद्धतीत केवळ बंद पडलेल्या सर्व्हरवरील, म्हणजे सुमारे एक-दशांश फायलीच हलवाव्या लागतात. दोघांनी १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी स्थापन केली. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत झालेल्या विमानांपैकी एकात लेविन यांचा मृत्यू झाला.

ॲमेझॉनची क्लाउडफ्रंट सेवा २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये तिची केंद्रे मुंबई व चेन्नई येथे आली. क्लाउडफ्लेअरची सेवा २०१० मध्ये खुली झाली. लहान संकेतस्थळांनाही विनामूल्य जाळे मिळू लागले ते प्रामुख्याने तिच्यामुळे. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये स्वतःचे जाळे जाहीर केले. त्यात चित्रपट साठवलेली यंत्रे थेट इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या केंद्रांत बसवली जातात.

संकेतस्थळासाठी उभारणी

स्वतःचे जाळे उभारणे मोजक्याच संस्थांना परवडते. इतर संकेतस्थळे पुरवठादाराची सेवा घेतात. पुरवठादाराला मूळ सर्व्हरचा पत्ता दिल्यानंतर डोमेन नावाच्या नोंदी बदलल्या जातात. त्यासाठी साधारणतः 'सी-नेम' नोंद वापरून संकेतस्थळाचे नाव पुरवठादाराच्या नावाकडे वळवतात. मात्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नसलेल्या मुख्य डोमेनला ही नोंद देता येत नाही, कारण त्या जागी अन्य आवश्यक नोंदी असतात. अशा वेळी पुरवठादाराची विशेष नोंद वापरावी लागते किंवा डोमेनचे व्यवस्थापनच त्याच्याकडे सोपवावे लागते. बदलापूर्वी एखादा दिवस जुन्या नोंदीची मुदत काही मिनिटांवर आणून ठेवणे शहाणपणाचे असते. चूक झाल्यास लवकर माघार घेता येते.

यानंतर वापरकर्त्याला जवळचे केंद्र मिळवून देणे हे पुरवठादाराचे काम. काही पुरवठादार डोमेन नावाचे उत्तर ठिकाणानुसार बदलतात, तर काही एकच आयपी पत्ता अनेक केंद्रांतून जाहीर करतात. दुसऱ्या पद्धतीस एनीकास्ट म्हणतात.

सुरक्षेचा एक मुद्दा बरेचदा सुटतो. ब्राउझर ते एज सर्व्हर आणि एज सर्व्हर ते मूळ सर्व्हर या दोन स्वतंत्र जोडण्या आहेत. पहिलीच कूटबद्ध असली तरी ब्राउझर कुलपाचे चिन्ह दाखवतो, आणि दुसऱ्या टप्प्यात मात्र पासवर्ड उघडा प्रवास करत असतो. म्हणून मूळ सर्व्हरवरही वैध प्रमाणपत्र हवे. तसेच मूळ सर्व्हरने केवळ जाळ्याकडून आलेल्याच मागण्या स्वीकाराव्यात. अन्यथा हल्लेखोर जाळ्याला वळसा घालून थेट तेथे पोहोचतो.

साठवणीचे नियम

नोंदी बदलण्याचे काम तासाभरात उरकते. काय साठवायचे, किती काळ आणि कोणासाठी, हे ठरवणे मात्र अवघड असते. मूळ सर्व्हर हे 'कॅशे-कंट्रोल' या शीर्षाद्वारे सांगतो. 'मॅक्स-एज' प्रतीची मुदत सेकंदांत देते, तर 'एस-मॅक्सएज' केवळ जाळ्यासारख्या सामायिक साठ्यांसाठी असते. 'नो-कॅशे' हे नाव फसवे आहे: त्यात प्रत साठवण्यास मनाई नसते, फक्त वापरण्यापूर्वी दर वेळी मूळ सर्व्हरकडे खातरजमा करावी लागते. साठवणे पूर्णपणे रोखण्यासाठी 'नो-स्टोअर' वापरतात.

चित्रे, शैलीपत्रके यांसारख्या फायलींच्या नावात मजकुरावरून काढलेला संकेत घालून त्यांना ३,१५,३६,००० सेकंदांची, म्हणजे एका वर्षाची मुदत देण्याची पद्धत रूढ आहे. फाईल बदलली की नावही बदलते, त्यामुळे जुनी प्रत समोर येण्याचा प्रश्न उरत नाही. पानांना मात्र काही मिनिटांचीच मुदत देतात किंवा बदल होताच प्रत काढून टाकण्याची आज्ञा जाळ्याला पाठवतात.

व्यक्तिगत पाने 'प्रायव्हेट' किंवा 'नो-स्टोअर' ठेवणे अत्यावश्यक आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर हल्ला झाला असता प्रत-साठवणीचे नियम घाईने बदलले गेले आणि प्रवेश केलेल्या ग्राहकांची पानेही सामायिक साठ्यात गेली. सुमारे दीड तास काही ग्राहकांना दुसऱ्यांचे पत्ते, ईमेल व खरेदीचा तपशील दिसत होता. कंपनीच्या माहितीनुसार सुमारे ३४,००० ग्राहकांवर याचा परिणाम झाला. कोणी माहिती चोरण्यासाठी यंत्रणा फोडली नव्हती. साठ्याने दिलेला नियम पाळला होता.

विकिमीडिया प्रतिष्ठान व्यापारी सेवेऐवजी स्वतःचेच जाळे चालवते. त्याचे मूळ सर्व्हर अमेरिकेत असून आशियातील वाचकांसाठी २०१८ पासून सिंगापूर येथे केंद्र आहे. विकिपीडियावर प्रवेश न केलेल्या वाचकाला बहुधा साठवलेली प्रत मिळते. प्रवेश केलेल्या संपादकासाठी पान मूळ सर्व्हरकडून आणले जाते, त्यामुळे तेच पान त्याला किंचित उशिरा दिसू शकते.

मर्यादा

सर्व वाचक एकाच शहरात आणि मूळ सर्व्हरही तेथेच असल्यास अंतराचा लाभ नगण्य असतो. गर्दी व हल्ले झेलण्यापुरताच जाळ्याचा उपयोग होतो. परीक्षेच्या निकालाचे संकेतस्थळ हे याहून कठीण उदाहरण होय. त्याचे मुखपृष्ठ जाळे सहज पुरवते, परंतु प्रत्येक आसन क्रमांकाचे उत्तर वेगळे असल्याने तो शोध मूळ सर्व्हरवरच जातो. निकाल आधीच स्वतंत्र फायलींच्या रूपात तयार ठेवले तर तो भारही जाळ्याकडे देता येतो, पण मग कोणीही कोणाचा क्रमांक घालून पाहू शकतो, हा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो.

अनेक संकेतस्थळे मोजक्या पुरवठादारांवर विसंबल्याने एका ठिकाणच्या दोषाचा परिणाम व्यापक होतो. ८ जून २०२१ रोजी फास्टली या पुरवठादाराच्या प्रणालीतील सुप्त दोष एका ग्राहकाने केलेल्या वैध बदलामुळे जागा झाला आणि तिच्या जाळ्याचा सुमारे ८५ टक्के भाग त्रुटीसंदेश देऊ लागला. ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ, द गार्डियन, द न्यूयॉर्क टाइम्स आणि रेडिट यांना त्याची झळ बसली. ४९ मिनिटांत ९५ टक्के जाळे पूर्ववत झाले.