द्राक्षवेलीची उसनी मुळे

मूळ पाणी व क्षार शोषते, खोड ते पानांपर्यंत पोहोचवते. वर्गात आपण हे एका दमात सांगतो आणि मूळ म्हणजे नळी, असा समज मुलांच्या मनात बसतो. तो काढायला आम्हाला महाराष्ट्रातील द्राक्षबागांचा इतिहास फार उपयोगी वाटतो.

१९८०च्या दशकापर्यंत येथील बहुतेक वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या होत्या. थॉमसन सीडलेसची काडी लावली की पेरांपाशी आगंतुक मुळे फुटत. पुढे पाणी आटले, कूपनलिका खोल गेल्या, खारट पाणी बागेत आले. पानांच्या कडा करपू लागल्या.

उपाय जुनाच होता. १८६०च्या दशकात फ्रान्समधील द्राक्षबागा सुकू लागल्या. १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व सहकाऱ्यांनी मेलेल्या वेली उपटल्या, तर मुळांवर काही नाही. जिवंत वेली उपटल्या, तर मुळांना पिवळसर बारीक कीटक चिकटलेले! (शोध कोठे घ्यावा, याचाही हा धडाच.) हा फायलॉक्सेरा अमेरिकेतून आला होता आणि तिकडच्या रानवेलींची मुळे त्याला दाद देत नसत. म्हणून अमेरिकी मुळांवर फ्रेंच वेलींचे कलम सुरू झाले.

आपल्याकडे अडचण किडीची नव्हती, पाण्याची होती. १९९०च्या दशकात टेक्ससच्या रानवेलींतून आलेला 'डॉगरिज' हा खुंट येथे पसरला. मुळातील अंतस्त्वचेच्या पेशींभोवती मेणासारख्या पदार्थाची पट्टी असते. त्यामुळे पाण्याला व क्षारांना पेशीपटलातूनच वाट काढावी लागते आणि तेथे निवड होते. ही निवड प्रत्येक जातीची वेगळी. कलमात सालीखालचे वाढीचे थर जुळले की जलवाहिन्या व रसवाहिन्या सांधल्या जातात. द्राक्षे मात्र थॉमसनचीच लागतात.

पण उसने घेतलेल्याचे व्याजही असतेच. पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. डॉगरिजवरील वेली फार माजतात, काही बागांत वर्षे लोटली तशी पानांत सोडियम साठते व पोटॅशियम कमी पडते, असे पुढे आढळले. मग '११०-आर'सारख्या दुसऱ्या खुंटांकडे लक्ष गेले. लागवडीपूर्वी माती व पाणी तपासून खुंट निवडावा लागतो. वेल उभी राहिल्यावर मुळे बदलता येत नाहीत.

सहलीत द्राक्षबाग लागली तर मुलांना वेलीच्या बुंध्याशी बसवावे. सांध्याखाली व वर खोडाची जाडी कित्येकदा वेगळी दिसते. सांध्याखालून फुटवा आला असेल, तर त्याची पाने वरच्या पानांशेजारी धरून पाहावीत. शेतकरी तो लगेच खुडतो, म्हणून आधी विचारून घ्यावे.