अंगाबरोबर जाणारा दागिना

बायकांच्या दागिन्यांवर पुष्कळ लिहिले जाते. ठुशी, मोहनमाळ, पाटल्या, तोडे, एकेकाचा घाट नि घडणावळ सांगताना लेखणी थकत नाही. पण ज्याला सोनाराची गरज लागली नाही, जो सावकाराकडे गहाण पडला नाही, दुष्काळात मोडावा लागला नाही आणि चोरालाही नेता आला नाही, त्या गोंदणाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. त्यात सोने नाही म्हणून असेल, किंवा गोंदण म्हटले की खेडवळपणा आठवतो म्हणूनही असेल. यंदा वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा मी मंडळातील पंच्याहत्तरी ओलांडलेल्या भगिनींचे हात पाहायचे ठरवले. अकराजणींनी दाखवले, दोघींनी हसून पदराआड घेतले. जे पाहिले नि ऐकले, त्याला वाचनाची थोडी जोड देऊन हा मजकूर सिद्ध केला आहे.

आपल्या सोलापूर-पंढरपूर भागात गोंदायला येई ती बहुधा कैकाडीण, क्वचित वैदीण. घरातले पुरुष टोपल्या, कणग्या विणीत आणि बायका डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव हिंडत. सुगी झाली, घरात दाणे आले, म्हणजे तिची हाक ऐकू येई. या लोकांची आपसातली बोली तमिळ-तेलुगूच्या कुळातली. दक्षिणेत त्यांचे भाईबंद कोरव, आणि त्यांच्या बायकाही हाच व्यवसाय करीत. एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली दक्षिणेतील जातिजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले, त्यांत कोरव बायकांच्या गोंदण्याची नोंद आहे. तमिळ भाषेत गोंदण्याला ‘पच्चै कुत्तु’ म्हणतात, म्हणजे ‘हिरवे टोचणे’. आपल्याकडेही म्हाताऱ्या बायका ‘हात हिरवा केला’ असे म्हणत.

या गोंदणारणीविषयी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी. इंग्रज सरकारने १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली. मुंबई इलाख्यात त्या यादीत कैकाडीही होते. पोलिसपाटलाकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, असा तो जाच. सोलापूरला तर या जमातींसाठी तारेच्या कुंपणाआडची वसाहतच होती. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे जी बाई आपल्या आज्यांच्या ओसरीवर बसून, लेकीचा हात मांडीवर घेऊन त्यावर तुळस काढी, तिचे स्वतःचे नाव त्याच वेळी चावडीवरच्या गुन्हेगारांच्या वहीत असे. पोरीचा हात तिच्या हाती द्यायला कोणी कचरत नव्हते. पाणी मात्र वरून ओतून देत. एवढेच इथे नमूद करते.

आता कृती. एरंडेल किंवा गोडेतेलाच्या दिव्यावर खापर पालथे धरून काजळी जमवायची. ती पाण्यात किंवा माक्याच्या पाल्याच्या रसात खलायची. माका म्हणजे केसांना लावतो तोच. त्याच्या रसाने रंग गडद उतरतो. काही ठिकाणी बाळंतिणीचे दूध घालीत. नक्षी आधी काडीने अंगावर उठवून घ्यायची, मग तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून, त्या काजळात बुडवून, ठिपक्याला ठिपका लावत टोचत जायचे. सुई वरच्या पापुद्र्यातून खाली, मिलिमीटर दीड मिलिमीटर आत गेली पाहिजे. वरवर राहिली तर रंग महिन्याभरात झडून जातो; फार खोल गेली तर रक्त जास्त येते आणि रेघ पसरते. हा अंदाज सगळा बोटांचा. मोजायला काही नव्हते.

दुखत असे का, हे मी प्रत्येकीला विचारले. मनगटाच्या आतली बाजू, हाडावरची जागा आणि कपाळ ही सर्वांत वाईट, यावर सगळ्यांचे एकमत. दंडावर तितके नाही. एक जण पाय धरी, दुसरी हात, आणि गोंदणारीण तोंडाने गाणे चालू ठेवी. गाण्यात पोरीच्या भावाचे, मामाचे, होणाऱ्या सासरचे नाव गुंफलेले असे, म्हणजे रडता रडता पोर नाव ऐकायला थांबे. आमच्या एका भगिनीने सांगितले, “गाणं संपलं तेव्हा मी आणखी रडले, कारण आता नुसतं दुखणंच उरलं.”

गोंदून झाले की हात गार पाण्याने धुवायचा आणि हळद-तेल लावायचे. दोन दिवस सूज, मग खपली. खपली नखाने काढायची नाही, ती आठ-पंधरा दिवसांत आपोआप पडते. ओढून काढली की तिथला रंगही जातो. आंबट खाऊ देत नसत. काही घरांत वरून शेण लिंपण्याची चाल होती. ती मात्र घातक, कारण धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात. कित्येकींचे हात पिकत, आठवडाभर ताप येई. त्या तापाला सुई जबाबदार असे कोणी म्हणत नसे. दृष्ट लागली असे म्हणत.

काळे काजळ टोचले असता हिरवे-निळे का दिसते, याचे मला लहानपणापासून नवल वाटे. कारण असे की काळे कण कातडीच्या खालच्या थरात असतात, आणि वरच्या कातडीतून गाळून येणाऱ्या उजेडात ते निळसर दिसतात. तो रंग जन्मभर टिकतो त्याचे कारणही अलीकडे अधिक स्पष्ट झाले आहे. कातडीतल्या काही पेशी परका पदार्थ दिसला की तो गिळतात. त्यांनाच काजळाचे कण पचत नाहीत. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवून दिले की अशी पेशी मेली म्हणजे तिने सोडलेले कण शेजारची नवी पेशी गिळून टाकते. रंग तिथेच राहतो, सांभाळणाऱ्या तेवढ्या बदलतात.

मोबदला धान्यात. आमच्या भगिनींपैकी बहुतेकींचे हात १९५० ते १९६० या दशकातले. एकीच्या आईने तुळशीच्या झाडासाठी शेरभर जोंधळे आणि जुने लुगडे दिल्याचे तिला आठवते. दुसरीच्या वेळी दोन आण्यांवर सौदा तुटला होता. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे सुरू झाले, त्यानंतरचा व्यवहार कोणी आण्यांत सांगतो, कोणी पैशांत, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. वय पाच ते बारा. लग्नाआधी गोंदलेच पाहिजे. न गोंदलेली सून आली तर सासरी टोमणा ठरलेला. थोडक्यात, मुलीला कोणी विचारले नाही. अकराजणींत एकच अशी निघाली की जिने स्वतः हट्ट धरला होता, आणि तोही मैत्रिणीच्या हातावरचा विंचू पाहून!

हातांवर काय काय आहे म्हणाल तर तुळस, लक्ष्मीची पावले, स्वस्तिक, मोर, विंचू, फुले, ठिपक्यांच्या ओळी. हनुवटीवर आणि कपाळावर एकेक ठिपका. ब्राह्मणांच्या घरांतही हा कपाळावरचा ठिपका आणि हातावरची तुळस होती. पुढे सोयीने विसरले गेले. समजूत अशी की मरताना सारे दागिने उतरवून घेतात, बरोबर येते ते गोंदण. यमाच्या दारी ओळख पटवायला तेवढेच.

ही समजूत भोळी खरी, पण तिच्यातला पूर्वार्ध शब्दशः सत्य आहे, आणि तो मरणापर्यंत थांबतही नसे. नवरा गेला की कुंकू पुसले जाई, मंगळसूत्र तोडले जाई, बांगड्या फोडल्या जात. कपाळावरचा हिरवा ठिपका कोणाला पुसता येत नसे. आमच्या एका भगिनीची आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. कुंकू पुसल्यावर खालचा ठिपका दिसू लागला, तेव्हा शेजारची एक म्हातारी तो ओल्या फडक्याने घासत बसली होती. आत्या पुढे पन्नास वर्षे जगली, आणि कपाळ उघडे आहे असे कोणी म्हटले की त्या ठिपक्यावर बोट ठेवी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, ते वाचताना मला या न पाहिलेल्या आत्याची आठवण झाली.

नावांची हकीकत वेगळी. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, उखाण्यात काय घेतले तेवढे. पण हातावर ते गोंदलेले चाले. १९५१ च्या शिरगणतीत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊजणींना अक्षरओळख होती. तेव्हा कित्येकींच्या आयुष्यात आलेली पहिली अक्षरे त्यांच्याच हातावर होती आणि त्यांना ती वाचता येत नव्हती. एकीच्या हातावर वेलांटी उलट्या बाजूला आहे. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात पाटीवर नवऱ्याचे नाव लिहिताना तिने वेलांटी हातावरच्याप्रमाणेच दिली, बाईंनी ती खोडली, तेव्हा तिला ते कळले. ती अजून सांगते, “पाटीवरची पुसली, हातावरची कुठं पुसू?”

पण गोंदणाला आणखी एक बाजू आहे, आणि ती कौतुकाची नाही. जे पुसता येत नाही, ते शिक्षा म्हणूनही वापरता येते. बंगालमध्ये कंपनी सरकारच्या अमलात १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव आणि गुन्हा गोंदत. तो प्रकार १८४९ साली बंद झाला. १९४७ च्या फाळणीत पंजाबात पळवून नेलेल्या कित्येक बायकांच्या अंगावर बळजबरीने घोषणा आणि खुणा गोंदल्या गेल्या. आणि हे सारे जुने झाले म्हणावे, तर १९९३ साली अमृतसरमध्ये पोलिसांनी काही बायकांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ ही अक्षरे गोंदली. न्यायालयाने त्या पोलिसांना दोषी ठरवले ते २०१६ साली, तेवीस वर्षांनी. तोवर त्या बायका कपाळावर पदर ओढूनच न्यायालयात जात-येत राहिल्या असतील.

गोंदणारीण कधी येईनाशी झाली, याचे ठराविक वर्ष कोणी सांगत नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, हिरवा हात गावंढळ ठरला. आमच्यातील एकीने नर्सच्या नोकरीपायी चुना लावून ठिपका जाळायचा प्रयत्न केला; ठिपका राहिला आणि भोवती डाग पडला. वारीत, जत्रेत बॅटरीवरचे यंत्र घेऊन बसणारे आले. हे यंत्र मूळचे अमेरिकेतले. एडिसनने १८७६ साली कागदाला भोके पाडणाऱ्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले होते. तिच्यावरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने गोंदण्याचे यंत्र करून १८९१ साली पेटंट मिळवले. जत्रेतले काम झटपट, अक्षरावर दर. पण एकच सुई दिवसभर शंभर हातांतून फिरे. कैकाडीण निदान एका घरातल्या दोन-तीन पोरींना गोंदून सुया धुवी. कावीळ ‘ब’ आणि ‘क’, एच.आय.व्ही. हे रोग रक्तातून सुईवाटे जातात, हे आता सर्वांना माहीत आहे.

हल्ली आपल्या नाती टॅटू काढून घेतात. त्याला हजारो रुपये पडतात, जागा वातानुकूलित असते, आणि आजीचा हात पाहून ज्या आईने नाक मुरडले होते तीच आई पैसे देते! मला यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. फक्त नातीला एवढे सांगावे: अठरा पुरी होऊ दे; सुईचे पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव; शाई लहान पेल्यात वेगळी ओतून घ्यायला सांग; खपलीला हात लावू नकोस, ऊन आणि पोहणे काही आठवडे टाळ; आणि त्यानंतर ठरावीक काळ रक्तदान करता येत नाही हे लक्षात ठेव. लेझरने काढता येतो म्हणून बेफिकीर राहू नये. त्याला अनेक बैठका लागतात, गोंदण्याहून अधिक पैसा लागतो, आणि पूर्ण जाईलच असे नाही. नाव कोणाचे घालायचे तो तिचा प्रश्न.

मंडळातील हातांची छायाचित्रे काढून, कोणत्या नक्षीला काय म्हणत, कोणी गोंदली, किती दिले, असे टिपण करायला मी सुरुवात केली आहे. ज्या दोघींनी पदराआड हात घेतले त्यांच्यापैकी एकीने परवा स्वतःहून बोलावून घेतले. तिच्या डाव्या कोपराच्या आत, चार ठिपके चौकोनात, मधे एक आडवी रेघ आणि रेघेखाली तीन ठिपके, अशी खूण आहे. तशीच खूण त्याच जागी आणखी दोघींच्या हातावर आहे; तिघींची माहेरे वेगवेगळ्या तालुक्यांतली. एक म्हणते ती सीतेची न्हाणी, दुसरी म्हणते चूल, तिसरी म्हणते पाळणा. गोंदणारीण तेव्हा काय म्हणाली होती, ते तिघींनाही आठवत नाही.